मित्राला ठेवून ये

बाबांचं ते पत्र आलं तेव्हा आई टँकरवरून नुकतीच परतली होती. रांगेत कुणीतरी तिची घागर बाजूला सारली म्हणून भांडण झालं होतं, पदर खांद्यापर्यंत भिजला होता आणि तोंड उतरलं होतं. निळ्या हवाई पत्राच्या कडा तिनं ओल्या हातानंच फाडल्या. आजीला कमी ऐकू यायचं, म्हणून आई पत्र मोठ्यानं वाचायची. 'सर्वांना जयभीम' झालं, तिकडच्या उन्हाचं वर्णन झालं, आणि मग तिचा आवाज मधेच थांबला.

"काय लिव्हलंय पुढं?" आजीनं विचारलं.

"लिव्हलंय, दोघा धाकट्यांना घेऊन ये. मित्राला ठेवून ये."

मित्रा म्हणजे मी, संघमित्रा. सात वर्षांची होते. दारात बसून धाकट्या बहिणीला, छकुलीला, खेळवत होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

माझे बाबा लिंबाजी लातूरच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायचे. शिकवणं चांगलं, पण नोकरी कच्ची. दर उन्हाळ्यात संपायची आणि जून आला की पुन्हा हात जोडून मिळवायची. नायजेरियातल्या शाळांना गणिताचे मास्तर पाहिजेत, अशी जाहिरात त्यांनी पेपरात पाहिली, मुंबईला जाऊन मुलाखत दिली आणि कुणाला खरं वाटायच्या आत निघूनही गेले. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. ते गेले आणि त्याच साली लातूरचा जिल्हा झाला. चौकात गुलाल उधळला, बँड वाजला, माझ्या धाकट्या भावाला, प्रबुद्धला, पेढा मिळाला. पाऊस मात्र त्या साली आलाच नाही म्हणावं असा आला. दिवाळी झाली आणि आमच्या गल्लीतला हापसा हवा ओढायला लागला.

आई, पंचशीला, लोहा गावची. नववीत शिकत असताना बहात्तरचा दुष्काळ पडला आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. आई-बापांबरोबर खडी फोडायला गेली. त्यामुळे दुष्काळाचं तिला नवल नव्हतं, पण राग फार होता. त्या वर्षी तो राग सगळ्यांवर निघायचा. आमच्यावर, टँकरवाल्यावर, शेजारणींवर आणि सगळ्यात जास्त बाबांच्या पत्रांवर. 'तिथं लोक फार सज्जन आहेत,' असं बाबा लिहायचे. आई म्हणायची, "हितं मी काय करायलेय ते एकदा तरी विचारा की."

पत्रातला हिशेब सरळ होता. बाबांचं तिकीट तिकडच्या सरकारनं काढलं होतं, आमचं आम्हालाच काढायचं होतं. आईचं पूर्ण, प्रबुद्धचं अर्धं, आणि छकुलीचं नावापुरतं, पण ते तिला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत निघालो तरच. माझ्या अर्ध्या तिकिटाला पैसे पुरत नव्हते. 'मित्रा समजूतदार आहे,' असं बाबांनी लिहिलं होतं. 'तिची शाळाही बुडणार नाही. पुढल्या वर्षी तिला नेऊ.'

"राहील की माझ्याजवळ," आजी म्हणाली. आजी, नागुबाई, धाकट्या काकांकडे खेड्यात राहायची; बाबा गेल्यापासून आमच्या सोबतीला आली होती. "मला बी पोरीची सोबत हुईल."

"सोबत न्हाई, पाणी भरायला हुईल," आई म्हणाली.

आजी दुखावली. आईनं पत्राची घडी घालून डब्यात टाकली आणि त्या रात्रीची भाकर करपली.

पासपोर्टानं आईला पुरतं पिळून काढलं. एकाच पासपोर्टावर आई आणि आम्ही तिघं. अर्ज मुंबईला गेला, तिथून चौकशीचा कागद पोलिसांकडे यायचा होता. रेशन कार्डावर होता म्हणून अर्जावर लिहिलेला जिल्हा उस्मानाबाद. पण जिल्हा तर आधीच बदललेला. आई मला हाताला आणि छकुलीला कडेवर घेऊन एका कचेरीत गेली, तर तिथले म्हणाले, "बाई, कागद जुन्या जिल्ह्याला गेला असंल." एसटीनं जुन्या जिल्ह्याला गेलो, तर ते म्हणाले, "आता तुमचं सगळं लातूरलाच." कुणी वाईट बोललं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. सगळे नीट बोलायचे आणि आम्ही रिकाम्या हातानं परत यायचो. एसटीत छकुली ओकली. आईनं तिला पुसलं आणि मला उगाचच एक चापट मारली.

शेवटी कागद सापडला आणि एक जमादार चौकशीला आमच्या घरी आले. आई नेमकी टँकरवर. ते कशासाठी आलेत हे आजीला कळलं नाही. "लिंबाजी हितं राहतो का?" असं त्यांनी विचारलं, आणि आजीनं खरं तेच सांगितलं, "न्हाई." ते लिहून घेऊन गेले.

आईला हे कळलं तेव्हा ती उंबऱ्यात मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. मी तिला तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज ऐकून घरमालकीण चांदबी आली. तिचा थोरला मुलगा दुबईला होता, त्यामुळे असल्या कागदांचं तिला पाठ होतं.

"रडतीस कशाला येड्यावानी? माझ्या पोराच्या टायमाला तर तो मेलाय म्हणून लिव्हलं होतं. चल उठ. मी येते संगं."

बुरखा घालून चांदबी आईबरोबर गेली, जमादारांना शोधून काढलं आणि त्यांना घरापर्यंत घेऊन आली. त्यांनी भिंतीवरचा बाबांचा फोटो पाहिला, चहा घेतला, कागद दुरुस्त केला. जाताना म्हणाले, "तीन लेकरं घेऊन एकट्याच जाणार, बाई?" आईनं त्यांचा रिकामा कप उचलला. तिघांची नावं अर्जावर होती, आणि माझं नाव सगळ्यात वर होतं.

बाबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी गावाबाहेर औसा रोडला एक लहानसा प्लॉट हप्त्यानं घेतला होता आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आईच्या नावावर केला होता. तिथं बाभळी आणि दगड होते. पण जिल्हा झाला आणि त्या दगडांना भाव आला. माणिकप्पा नावाचे आडत व्यापारी त्या बाजूचे प्लॉट घेत होते. एका सकाळी आईनं आम्हा तिघांना न्हाऊमाखू घालून, म्हणजे एका बादलीत तिघांना उरकून, त्यांच्या दुकानी नेलं.

माणिकप्पा भले माणूस. त्यांनी आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, मास्तरांना विचारलंय का?"

"मास्तर तिकडं हायत. प्लॉट माझ्या नावचा हाय."

"ते खरं. पण मी तुमाला घेणारा म्हणून न्हाई, घरच्यासारखा सांगतो. आत्ता इकू नका. जिल्हा झालाय. दहा वर्षांनी बघा ह्याचं काय हुतंय ते."

"दहा वर्षांनी ही पोरगी सतरा वर्षांची हुईल," आई म्हणाली. "तवा हिला घेऊन जाऊ का?"

माणिकप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग गड्याला चहा सांगितला आणि भाव बोलले. आईनं घासाघीस केली, रागानं केली, आणि त्यांनी थोडा वाढवून दिला.

आजीला रजिस्ट्री झाल्यावर कळलं. "माझ्या लेकानं हाडं झिजवून घेतली ती जागा," ती म्हणाली. "एका वर्षाचा तर सवाल हुता. पोरगी काय मरत हुती का हितं?"

"तिघं माझीच हायत. त्यातलं कोणतं ठेवू, ते तुमी सांगा," आई म्हणाली.

आजी दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून खेड्यात निघून गेली. आम्ही निघालो तेव्हाही आली नाही. आईनं निरोप पाठवला होता; उत्तर नाही. बाबांना प्लॉटचं तिनं कळवलंच नाही. 'आम्ही येत आहोत,' एवढंच लिहिलं.

मुंबईत पिवळ्या तापाची सुई घ्यायची होती आणि ती घेतल्यावर काही दिवस थांबल्याशिवाय विमानात बसू देत नव्हते. बाबांच्या ओळखीतल्या एका मास्तरांच्या घरी आम्ही राहिलो. त्यांची बायको रोज सकाळी गोड आवाजात विचारायची, "आज निघायचं काही कळलं का हो?" आई त्यांच्या घरची सगळी भांडी घासायची. प्रबुद्धला सुईनं ताप आला, तो रात्रभर कण्हायचा आणि आई त्याच्या तोंडावर हात ठेवून बसायची, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून.

सामानाला वजनाची मर्यादा होती. म्हणून ऐन मे महिन्यात मी एकावर एक तीन झगे घालून विमानतळावर गेले. आईनं दोन लुगडी गुंडाळली होती. लोखंडी तवा छकुलीच्या दुपट्यात होता. तरी काटा पुढे गेला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, काहीतरी कमी करा." आईनं ज्वारीच्या पिठाची पिशवी काढली. काळं तिखट काढायला तिनं साफ नकार दिला. पीठ तिनं झाडू मारणाऱ्या बाईला दिलं. "चांगली मालदांडी हाय," असं तिला दोनदा सांगितलं. विमानात बसल्यावर तिनं पहिल्यांदा डोळे मिटले, आणि छकुली तेव्हाच रडायला लागली.

मधे विमान बदलून आम्ही कानो नावाच्या शहरात उतरलो. बाबा बाहेर उभे होते. वाळलेले, काळवंडलेले. त्यांनी छकुलीला घेतलं, प्रबुद्धच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मी दिसले.

"हिला कशी आणली?"

"विमानात बसवून आणली," आई म्हणाली.

त्यांनी मला जवळ घेतलं, पण तो प्रश्न मी ऐकला होता.

बाबांच्या शाळेचं गाव तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. वाटेत टॅक्सीत आईनं प्लॉटचं सांगितलं. बाबांनी मांडीवरची छकुली आईकडे दिली. मग म्हणाले, "शीला, मला इथं तीन महिने पगार मिळालेला नाही. मी त्या प्लॉटच्या जोरावर इथं बसलो होतो."

"हे पत्रात का न्हाई लिव्हलं?"

"तू काळजी केली असतीस."

"मग मी तिकडं काय करत हुते? नाचत हुते का?" ती एवढ्या जोरात बोलली की टॅक्सीवाल्यानं मागं वळून पाहिलं.

बाबांना राहायला मिळालेली जागा म्हणजे एकट्या माणसाची खोली. एक खाट, एक खिडकी, आणि पाणी शाळेच्या विहिरीवरून. आईनं खोली पाहिली, विहीर पाहिली आणि बादली खाली ठेवून दिली. बाबा म्हणाले, मोठ्या घरासाठी मी अर्ज केलाय, होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हा तिघांना घेऊन थेट हेडमास्तरांच्या घरी गेली. बाबा मागून धावत आले.

हेडमास्तर मालम गर्बा अंगणात बसले होते; मालम म्हणजे तिकडचं 'मास्तर'. उंच, पांढऱ्या पायघोळ कपड्यातले म्हातारे गृहस्थ. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मराठीत बोलायला लागली. "तीन लेकरं हायत. एक खोली हाय. पगार न्हाई. मास्तरला बोलावताना गोड बोलता आन् मंग असं करता? झोपायचं कसं, एकावर एक?"

मालम गर्बांनी बाबांकडे पाहिलं. बाबा इंग्रजीत म्हणाले, "सर, माझी पत्नी आपल्याला नमस्कार म्हणते."

म्हातारे हसले. "मालम लिंबाजी," ते म्हणाले, "ती हे म्हणाली नाही."

आठवड्याभरात आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं. छत पत्र्याचं, दुपारी तापून भट्टी व्हायचं आणि स्वयंपाकघराला दार नव्हतं. पगार तुकड्यातुकड्यानं यायचा, कधी यायचाच नाही. बाबा हळूहळू आईशी नीट बोलायला लागले, पण प्लॉटचा विषय निघाला की उठून जायचे. मी तिथल्या शाळेत गेले, प्रबुद्ध तिकडच्या हौसा भाषेत भांडायला शिकला, आई बाजारातल्या बायकांशी खाणाखुणांनी भाव करायची आणि घरी येऊन चिडायची, की इथंही आपल्याला फसवतातच. लोक सज्जन होते, यात बाबा खोटं बोलले नव्हते. पण ज्यासाठी गेलो होतो ते साठलं नाही. तीन वर्षांनी करार वाढवला नाही आणि आम्ही परत आलो, गेलो होतो तेवढ्याच सामानानं.

लातूर फुगलं होतं. औसा रोडला बंगले उठत होते. बाबांनी पुढे आयुष्यभर ते ऐकवलं. पाहुणे आले की म्हणायचे, "आमचाही एक प्लॉट होता." आई ऐकून घ्यायची. मी मोठी झाल्यावर एकदा तिला म्हणाले, "माझ्यासाठी विकलास ना?" तिला ते आवडलं नाही. "तुझ्यासाठी कशाला? मला वीट आला हुता. सगळे मलाच सांगायचे, हे सोड, ते सोड. न्हाई सोडलं."

आल्यावर बाबांना मुखेडकडच्या एका शाळेत नोकरी लागली, यावेळी पक्की. ते खुशीत घरी आले आणि म्हणाले, सामान बांधू, तिकडेच घर बघू. आम्ही पुन्हा चांदबीच्याच खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आई ज्वारी निवडत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

"तुमी जावा," ती म्हणाली. "शनवारी येत जावा. मी आता हितून हलणार न्हाई."

"अगं, पण दोन घरं कशी परवडतील?"

"कशी परवडतील ते मला न्हाई माहीत. आता तुमी बघा."

बाबा आत गेले. त्यांनी एकट्याचे कपडे पिशवीत भरले. त्या शनिवारी ते आले, पुढच्याही आले. निवृत्त होईपर्यंत येत राहिले.