चंद्राच्या वरच्या चार विती

बाई बाकावर चढून भिंतीला वीत लावायच्या. अंगठा चित्रातल्या चंद्राच्या डोक्यावर, करंगळी छताकडे. एक, दोन, तीन, चार. मग वरूनच मला सांगायच्या, "मास्तर, चार वीत हाये अजून. वर जागा ठेवजा."

जणू ती जागा मी पिशवीत घालून घरी नेणार होतो.

कामठी रस्त्यावरच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो, बाई भूगोल. माणूस चंद्रावर उतरला, त्या आठवड्यात त्या वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आल्या. माणूस अवकाशात कसा कसा गेला, याचा तक्ता त्यांना व्हरांड्याच्या भिंतीवर हवा होता. मी भिंत आखली आणि सवयीनं वरून सुरुवात केली.

"तिकडून काहून लिहून राहिले तुम्ही?" बाई म्हणाल्या. "आपण वर चाललो ना? मग खालून लिहा."

खालून म्हणजे फरशीवर पालथं पडून. जमिनीपासून चार बोटांवर पहिला उपग्रह काढला, त्यावर ती बिचारी कुत्री, मग पहिला पुरुष, पहिली स्त्री, यानाबाहेर तरंगलेला माणूस आणि माझ्या डोक्याच्या उंचीवर चंद्र. त्याच्या वर भिंत कोरी. तुम्हीही चित्रकलेचे मास्तर पाहिले असतील. कोरी भिंत दिसली की आमचा हात शिवशिवतो. बाईंना न विचारता मी तिथं सुरेख वेलबुट्टी काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चुना लावून ती पुसली आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी तक्ता वरून वाचला. वरून वाचलं की माणूस आधी चंद्रावर उतरतो, मग यानाबाहेर डोकावतो आणि सगळं झाल्यावर कुत्रीला पाठवतो. साहेबांनी शेरा मारला, 'तक्त्याचा क्रम उलटा आहे. दुरुस्त करावा.' सरकारी शेऱ्यापुढे कोणाचं चालतं? हेडमास्तरांनी मला चुन्याची बादली घेऊन बोलावलं. मी कुंचा भिजवलाही होता.

"सर, वरून लिहिलं तर चंद्र फरशीले टेकते," बाई म्हणाल्या. "त्याच्या पुढचं कुठं लिहाचं? जमिनीत?"

"पुढचं होईल तेव्हा पाहू, बाई."

"नाही सर. जागा आधी पाहिजे." त्यांचा आवाज एकदम खाली आला. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच वर्षी त्या मॅट्रिक झाल्या होत्या. "आमच्या घरात एवढी शिकलेली मी पहिली. माझ्यावर कोणीच नव्हतं, तर मले वाटे का वर काही नसतेच. या पोरींले तसं वाटू नये."

हेडमास्तरांनी तक्ता खालून वर वाचून पाहिला. मग मला म्हणाले, "मास्तर, खाली एक बाण काढा अन् 'येथून वाचा' असं लिहा. झालं दुरुस्त." बाईंविषयी मला माया वाटू लागली ती त्या दिवसापासून.

एका वर्षी अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा तुटून खाली येणार, अशी बातमी आली. गावभर घबराट. मुली बाकाखाली शिरायचा सराव करू लागल्या. बाई म्हणाल्या, "पडू द्या. आपल्या शाळेत प्रयोगशाळा नाहीच. उचलून आणू." तुकडे पडले ते ऑस्ट्रेलियात. बाईंनी नकाशात ऑस्ट्रेलिया दाखवला आणि त्या दिवशीचा धडा तिथूनच सुरू केला.

कन्हानहून बसनं एक मुलगी यायची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते. तिनं एकदा विचारलं, "बाई, वर गेलेला माणूस परत कसा येते?"

"तुहे बाबा खाणीत कसे उतरतात?"

"पिंजऱ्यात बसून."

"अन् वर?"

"त्याच पिंजऱ्यात. उतराच्या आधी तो रोज तपासतात."

"तिथंबी तेच हाये वं. जाणं म्हणजे अर्धं काम. माणूस घरी जेवाले आला म्हणजे काम झालं."

चौऱ्याऐंशी साली आपल्या देशाचा माणूस वर जाऊन आला. जेवायला घरी परतला तेव्हाच बाईंनी त्या मुलीला बाकावर चढवलं आणि कुंचा तिच्या हातात दिला. मी बाक धरून उभा. 'भारताचा माणूस अवकाशात.' ओळ वाकडी गेली. मी सरळ करायला निघालो, तर बाईंनी माझा हात धरला. मग स्वतः चढून त्यांनी वीत लावली.

"तीन हाये."

"आता काय राहिलं, बाई?"

"चंद्रावर राहाले जाणं राहिलं. मंगळ राहिला. अन् आपल्या शाळेतली पोरगी राहिली. तीन वीत पुरत नाही मास्तर, छत फोडावं लागन."

तीन वर्षांनी बाई गेल्या. आजार थोड्या दिवसांचाच झाला. शाळेनं त्यांचा फोटो मोठा करून आणला आणि बाईंच्या लाडक्या तक्त्यावरच लावायचं ठरलं. शिपाई खिळा घेऊन बाकावर चढला आणि त्यानं तो नेमका त्या कोऱ्या जागेवर धरला. सगळ्यांचे डोळे भरले होते, माझेही. कोणी वाईट हेतूनं करत नव्हतं.

"तिथं नको," मी म्हणालो.

"काहून मास्तर? याहून चांगली जागा कोणती?" नव्या हेडमास्तरांनी विचारलं.

मी फोटो घेतला, फरशीवर बसलो आणि 'येथून वाचा'च्या बाणाशेजारी खिळा ठोकला.

"इतक्या खाली?" एक शिक्षिका म्हणाल्या. "पोरी वाकल्याशिवाय दिसणार नाही."

"वाकतील. मग वर बघत जातील."

फोटोला हार घातला तो फरशीला टेकला. मला राहवलं नाही. बाकावर चढलो आणि वीत लावून पाहिली. माझा पंजा मोठा, त्यामुळे अडीचच भरल्या. बाईंच्या हातानं अजून तीन आहेत.