शुलामीथ चेऊलकरचे खडे

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींत मध्यंतरी एक कुजबूज होती की शुलामीथ चेऊलकर ही बाई कौन्सिलची खबरी आहे. हॉस्पिटलमागच्या पार्कात ती ज्या बाकाच्या पायाशी खडा ठेवते, तो बाक वर्षाच्या आत उचलला जातो. बाक, त्यावरची पितळी पाटी, पाटीवरचं कुणाच्या तरी आईबापाचं नाव, सगळं व्हॅनमध्ये घालून नेतात म्हणे. कुठे नेतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ते छातीठोकपणे सांगता येत होतं.

बातमीला पुरावाही होता. तळ्याकाठचे दोन बाक खरोखरच गेले होते आणि दोन्हींच्या पायाशी आधी खडे दिसले होते. पाहणारी वरदा. ती रोज त्या पार्कात कुत्रं फिरवते. कुत्रं एकीकडे वास घेतं, वरदा दुसरीकडे. तिनेच एकदा मिल्टन कीन्सला फोन लावला.

"काका, वाईट वाटून घेऊ नका, पण सुमनकाकूंच्या बाकाशी खडा आलाय."

हे काका म्हणजे डॉ. शशिकांत फणसळकर. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर लोकांना भूल दिली. रिटायर झाले, मग सुमन गेली, आणि मुलगा नील त्यांना आपल्या घरी मिल्टन कीन्सला घेऊन आला. सुमनचं या देशात म्हणावं असं फार काही उरलं नव्हतं. अस्थी नाशिकला गेल्या, दागिने सुनेकडे, साड्या चॅरिटी शॉपात. हे माझ्या बायकोचं, असं बोट दाखवून म्हणता येईल असा, तिच्या आठवणीखातर पार्कात बसवलेला तो एक बाक होता. तोही जाणार म्हटल्यावर डॉक्टरांच्या हातातला चहा निवून गेला.

सरळ माणसाने शुलामीथला फोन करून विचारलं असतं. पण डॉक्टरांना सरळ विचारायची सवयच नाही. भूल देणाऱ्याला पेशंटशी फार बोलावं लागत नाही, आणि ते काम त्यांनी निवडलं होतं ते त्याचसाठी, असं सुमन चारचौघांत सांगायची. शिवाय शनिवारी शुलामीथ पार्कात नसते, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा वार पाळते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेव्हा शनिवारी त्यांनी नीलला लायब्ररीत जातो म्हणून सांगितलं आणि गाडी एम-वन हायवेला घातली.

बाकावर एक विद्यार्थी आणि त्याची मैत्रीण चिप्स खात बसली होती. डॉक्टर "एक्स्क्यूज मी" म्हणाले, वाकले, दोघांच्या बुटांमधून हात घालून खडा उचलला, खिशात टाकला आणि चालू लागले. पोरांनी चिप्सचा पुडा छातीशी घट्ट धरला. डॉक्टर घरी येऊन पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात वरदाचा फोन. खडा परत आलाय, आणि या वेळचा मोठा आहे. डॉक्टरांची लायब्ररी पुन्हा सुरू झाली. मग पुन्हा. गाडीत काहीतरी खडखडतंय, गॅरेजला दाखवायला हवं, असं नील म्हणू लागला, तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की आता एखाद्या गुरुवारी जाऊन बाईला समोरासमोरच गाठायचं.

कारण गुरुवार हा शुलामीथचा बाकांचा वार. बाई मुंबईची, आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंपैकी; नर्स म्हणून आली आणि वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून रिटायर झाली. मग पार्कच्या स्वयंसेवकांत घुसली. वॉर्ड सुटला तरी दरारा सुटला नाही. रविवारी तिथे मुंगीला वाट मिळत नाही; तेव्हा ही पिवळं जॅकेट घालून उभी असते. सायकलवाल्यांना उतरायला लावते, कुणाच्या बर्थडेचे फुगे कुणाच्या फुटबॉलमध्ये आले तर निवाडा करते. गुरुवारी मात्र गर्दी कमी असते. तेव्हा ती बादली आणि ब्रश घेऊन एकेक बाक धुते.

सुमन तिची जिवाभावाची. सुमन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. दुपारच्या सुट्टीत दोघी याच जागी डबा खायच्या आणि सगळ्या हॉस्पिटलची उणीदुणी मराठीत काढायच्या, म्हणजे आजूबाजूला कुणाला कळायला नको. शुलामीथची मुलं, अव्हिएल आणि नताली, इंग्रजीतच वाढली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला तिला बोलवायचं कधी कुणाच्या लक्षात राहायचं, कधी नाही. सुमन गेली तसं तिचं मराठीही जवळजवळ बंदच झालं.

गुरुवारी डॉक्टर आले तेव्हा ती सुमनच्या पाटीवरची कबुतराची विष्ठा पुसत होती. बाकाच्या एका टोकाला एक तरुण आई बाबागाडी हलवत बसली होती. डॉक्टरांनी दोन्ही खिसे बाकावर रिकामे केले.

"सिस्टर, माझ्या सुमनने तुमचं काय घोडं मारलंय?"

शुलामीथने आधी खड्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अगोबाई, डॉक्टर. तुम्ही नेत होतात होय? आणि मी इथे खारींना शिव्या घालतेय."

"बाक का काढताय ते सांगा."

कोण काढतंय, तिने विचारलं. तळ्याकाठचे दोन बाक कुजले होते, कुणीतरी कमरेत मोडलं असतं. घरच्यांपैकी कुणी ते कधी पाहायलाच आलं नाही, म्हणून इतके कुजेपर्यंत कळलं नाही. सुमनच्या बाकाला ती स्वतः दर वसंतात तेल लावते. तो आपल्या दोघांनंतरही राहील.

"मग खडा कशाला?"

"तुम्ही इथे शेवटचे कधी बसला होतात?"

डॉक्टर हळूच म्हणाले की बाक बसवल्यावर ते दोनदा आले होते. दोन्ही वेळा कुणीतरी बसलेलं होतं. एकदा शाळेची पोरं, एकदा एक म्हातारा पेपर वाचत. ही माझी बायको आहे, उठा, असं कसं म्हणायचं? तळ्याला चक्कर मारली आणि परत गेले. मग यायचंच सोडलं.

हसण्याची अशी संधी शुलामीथ एरवी सोडत नाही. ती हसली नाही.

"उठा कशाला म्हणायचं? सरका म्हणायचं. पार्क आहे, डॉक्टर, तुमचं ऑपरेशन थिएटर नव्हे. माणसं सरकतात."

बाबागाडीवालीला मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं, पण समोर उभा म्हातारा तिला कळला. ती आपणहून टोकाला सरकली. डॉक्टर बसले. पाटी त्यांच्या पाठीला लागत होती, ती त्यांनी हाताने चाचपून पाहिली. शुलामीथ ओल्या फळीवरच टेकली आणि खडा कशाला ते तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वरदाला खरं सांगून टाका, उगाच तुमची बदनामी.

"खबरदार, सांगाल तर," शुलामीथ म्हणाली. "तिने तोंड चालवल्यापासून बाक जाईल म्हणून पार लंडनकडच्या क्रॉयडनहून एक कुटुंब येऊन आजोबांचा बाक धुऊन गेलं. मला तेवढंच काम कमी."

आता डॉक्टर दर गुरुवारी येतात. पिवळं जॅकेट त्यांना ढगळ होतं, ब्रश उलटा धरतात आणि दिवसभर बोलणी खातात, मराठीत. वरदाने त्या दोघांबद्दल नवीन बातमी धरली आहे, ती नंतर कधीतरी तिच्याच तोंडून ऐकावी.

खड्यांचं खरं एवढंच आहे. शुलामीथच्या लोकांत, भेटून गेल्याची खूण म्हणून कबरीवर खडा ठेवतात. ज्या बाकाकडे घरचं कुणी फिरकत नसे, तिथे ती घटकाभर बसायची आणि उठताना खडा ठेवायची. सुमनच्या बाकाकडे कुणी फिरकत नव्हतं.