बेंड पाइपवरची तीन बोटं

मंचरमध्ये गाडीचा बेंड पाइप आरशासारखा करून देणारा कोण, असं विचारलं तर लोक माझ्या दुकानाकडे बोट दाखवतात. हे नाव मला कुणी आयतं दिलेलं नाही. दुसऱ्याच्या गॅरेजात डिझेलने चेन धूत मी सुरुवात केली. आज बफाची दोन मशीन माझी आहेत. शिकलो तेही माझ्याच गाडीचे पाइप खराब करून.

बेंड पाइप म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी. आधी चिखल काढायचा, मग बारीक होत जाणारे पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवायचे, मग बफाच्या फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणायची. एवढं सगळेच करतात. माझं खरं काम त्यानंतरचं. थिनरने पाइप पुसला की मी त्याला उघडा हात लावत नाही, सुती हातमोजे घालतो. बोटाचं तेल राहिलं आणि इंजिन तापलं, की तो ठसा पाइपवर भाजला जातो. मग फडक्याने कितीही पुसा, निघत नाही.

कळंबच्या एका तरुण शेतकऱ्याची गाडी मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिली. घासाघीस करून त्याने माझं डोकं उठवलं होतं, पण पाइपात स्वतःचं तोंड बघून खूश होऊन गेला. आठवड्याने शेजारचा टायरवाला म्हणाला, "भाऊ, तो दसऱ्याचा पोरगा कळंबला टपरीवर तुमचं नाव खराब करतोय. बोगस केमिकल लावतो म्हणं, पहिल्याच फेरीत जळतं."

त्याच आठवड्यात कळंबची दोन गिऱ्हाइकं यायची होती. दोघंही आली नाहीत. माझ्याकडे जमीन नाही, मागे कुणी नाही. आहे ते हे नाव. मी त्या पोराला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "गाडी घेऊन ये, नायतर मी तुझ्या दारात येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. मागे आई बसलेली. तिला बाजारात जायचं होतं. मेंढरांमागे फिरून उन्हाने रापलेली म्हातारी. आता घरची शेतीच बघते, पण कपाळावर भंडारा ठसठशीत.

"बघा," तो म्हणाला. "ह्याला पालिश म्हणत्यात का?"

पाइपवर तपकिरी डाग होते. मी तोंड उघडलं होतं, ते मिटून खाली बसलो. डाग पसरलेले नव्हते. तीन पट्टे होते, शेजारी शेजारी, वरून खाली ओढलेले. मी माझी तीन बोटं त्यावर धरली. माझी जाड पडली.

"दसऱ्याला गाडी पुजली का?"

"पुजणारच की. त्याचा काय संबंध?"

"भंडारा कशात कालवला व्हता?"

म्हातारी मागून म्हणाली, "तेलात. कोरडा ऱ्हात न्हाई ना बाबा. टाकीला हार व्हता, म्हणून म्या खाली लावला. लई चकचकीत दिसत व्हतं, म्हणलं देवाला हितंच बरं."

टायरवाला हसायला लागला. पोराचा चेहरा उतरला. "आये, तू कशाला बोलती मधी?"

"मग काय खोटं बोलू? बोटं माझीच हायेत."

माझ्या मनात होतं की त्याला चार माणसांत चांगला फैलावर घ्यावा. पण म्हातारीकडे बघून शब्द गिळले. त्याने पाकीट काढलं. "परत करा. काय व्हईल ते देतो."

"पैसे नकोत," मी म्हणालो. "जिथं बोललास तिथं येऊन बोल. काम चांगलं व्हतं, एवढंच."

"दुप्पट घ्या राव."

"नाय."

"बरं, टपरीवाल्याला फोन करून सांगतो."

"टपरीवर. मी शेजारी उभा असताना."

पाऊण तास ओढाताण झाली. शेवटी आई म्हणाली, "बोल की लेका, जीभ झडती का?" तेव्हा तो तयार झाला.

पाइप मी पुन्हा पहिल्या पेपरपासून घासला. संध्याकाळी आम्ही कळंबच्या टपरीवर उभे राहिलो. चहा गाळणाऱ्यासमोर आणि बाकावरच्या तिघांसमोर तो म्हणाला, "त्यांच्या पालिशची चूक नव्हती. घरीच भंडारा लागला व्हता."

बाकावरचा एक म्हणाला, "मग माझी गाडी कधी आणू?"

कळंबची कामं पुन्हा सुरू झाली. आता गाडी देताना मी प्रत्येकाला बजावतो, "पूजा हेडलाइटवर करायची. खाली कुणाचं बोट लागता कामा नये." म्हातारी बाजाराला आली की दुकानात डोकावते आणि माझ्या मशीनखालच्या लाकडी फळीला भंडारा लावून जाते. तिथं लावायला मीच सांगितलंय.

पण त्या दिवशी ठरलं होतं 'काम चांगलं व्हतं' म्हणायचं. तो म्हणाला, 'चूक नव्हती.' ह्यातला फरक मला कळतो, आणि त्यालाही कळतो. रस्त्यात दिसला की तो हात करतो. मी आधी त्याच्या पाइपकडे बघतो, चकाकी जशीच्या तशी आहे ना याची खात्री करतो, आणि मगच हात वर करतो.