बाच्या पुढची घंटी

रविवार उजाडला की माझं डोकं फिरतं. पनवेलच्या मागच्या डोंगरात, गडाच्या पोटाशी आमची माची. मूठभर घरं, बाकी सगळं रान. पण रविवारी सकाळी आमच्या अंगणात निम्मं पनवेल आणि उरलेली मुंबई बूट आपटत येऊन बसते. पोहे द्या, चहा द्या, गडाची वाट कुठली, मोबाइल चार्जिंगला लावू का. माझ्याहून मोठ्या बायका मला मावशी म्हणतात. म्हणोत बापड्या. त्यांच्या पोह्यांवरच आमचं घर चालतं, त्यामुळे तोंड वाकडं करून भागत नाही.

माझा बा आधी याच लोकांना गडावर न्यायचा. कातळातल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, पडका दरवाजा, सगळं दाखवायचा. जुन्या गोष्टी तर अशा रंगवायचा, की सरदार कालच आमच्याकडं जेवून गेलेत. मग काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले. पनवेलच्या डॉक्टरनं सांगितलं, फार उशीर केलात, गेलेली नजर परत येत नाही.

गडाच्या वाटेवर आमचा वाघदेव आहे. शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. सकाळी शेरडं रानात सोडायच्या आधी घरातल्या कर्त्यानं तिथं जाऊन हात जोडायचे, ही आमची रीत. बाचं म्हणणं, डोळे गेले म्हणून माझं कर्तेपण गेलं का? मी हात धरायला गेले की झटकून टाकायचा. एकटा निघायचा आणि कुठंतरी धडपडायचा. एकदा वळण चुकून दरीच्या अंगाला गेला, तेव्हा मी धावत जाऊन त्याला मागं ओढलं.

आमचा तांबडा कुत्रा भाकरीच्या तुकड्यासाठी रोज त्याच्याबरोबर वाघदेवाला जायचाच. मी पनवेलच्या बाजारातून बैलाच्या गळ्यातली एक लहान घंटी आणली आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधली. झालं. पुढं घंटी, मागं काठी टेकत बा. घंटी वळली की तो वळायचा, थांबली की थांबायचा. महिन्याभरात त्याच्या चालण्यात पहिल्यासारखा रुबाब आला. अंगणात बसून पाव्हण्यांना पुन्हा सरदारांच्या गोष्टी सांगायला लागला. मला काय आनंद झाला होता, सांगू!

पण तांबड्याला बिस्किटांचं भारी वेड. गडावर निघालेल्या कुणी पुडा फोडला की हा त्यांच्यापुढं. इथूनच उतरणाऱ्यांबरोबर परत यायचा, त्याचं काही नाही. काही जण मात्र आमच्या बाजूनं चढून पलीकडं उतरतात. तिकडची गावं वेगळी, तिकडची कुत्री वेगळी. म्हणून रविवारी मी त्याला ओसरीच्या खांबाला बांधून ठेवायची.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी चुलीपाशी होते. बाहेर एक मुलगी दुसरीला सांगत होती, बघ ना, बिचाऱ्याला बांधून ठेवलंय. मी भाकरी उलटली, बाहेर आले, तर खांबापाशी नुसती दोरी. दया आली आणि सोडून दिला! एवढी दया येते तर विचारायला काय होतं? मी वाटेपर्यंत धावले, हाका मारल्या. ते पार वरच्या झाडीत शिरले होते. दुपारी जेवायला येतील, तेव्हा येईल, अशी मी मनाची समजूत घातली. दुपार टळली तरी कुणी आलं नाही.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आमचा नंबर भिंतीवर रंगवलेला आहे, त्याचा फोटो त्यांनी काढला होता. मुलगी हसत होती. म्हणाली, तुमचा डॉगी किती गोड आहे, आम्हाला थेट पलीकडं खाली सोडायला आला.

मी म्हटलं, "त्याला धरून ठेवा. मी आत्ता निघते, पण त्याला सोडू नका."

"अहो मावशी, आम्ही कळंबोलीला पोचलो. तो तिथंच राहिला, येईल की आपला आपण. कुत्र्यांना रस्ता कळतो."

मी फोन ठेवला. शिव्या द्यायच्या तर कुणाला? तिनं काही वाईट मनानं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा पलीकडं उतरलो. दारोदार विचारलं. वीटभट्टीवरच्या एका बाईनं पाहिला होता. म्हणाली, घंटीवाला ना, गावची कुत्री मागं लागली त्याच्या, हायवेकडं पळाला. आम्ही हायवेच्या कडेकडेनं हाका मारत फिरलो. ट्रकांच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. काही नाही.

बाला मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "त्याला वाट ठावी हाय. येल." सकाळी अंघोळ करून, काठी घेऊन ओसरीवर बसायचा आणि वाटेकडं कान लावायचा. मी हात पुढं केला की म्हणायचा, थांब, येल तो. शेरडं तशीच रानात जायला लागली. बाच्या गोष्टी बंद झाल्या. मी काय करू शकत होते? दुसरं पिल्लू आणलं, तर बानं त्याला घंटी बांधू दिली नाही.

मग एक दिवस त्याच मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, आमचा गाइड. मी चुलीपाशीच उघडून बघायला लागले. गडाची वाट, कारवीची झाडी आणि पुढं शेपूट हलवत चाललेला तांबडा. घंटी खणखणत होती. आवाज कमी करायचं मला सुचलंच नाही.

ओसरीवर काठी वाजली. बा उभा राहिला होता. मी हाक मारेपर्यंत तो पायरी उतरून अंगणात गेला, काठी पुढं करून, अगदी रुबाबात. आणि व्हिडिओ संपला.

बा अंगणाच्या मधोमध थांबला. मान वळवून त्यानं इकडं कान दिला, तिकडं दिला. मग मला विचारलं, "कुन्या अंगाला वळला गं?"