निरंक

माझी माय टाळ्या वाजवणारी बाई नाही. कीर्तनातसुद्धा ती हात मांडीवर ठेवून बसते. त्यामुळे त्या दिवशी फोनवर तिनं आधी टाळ्यांचंच सांगितलं, तेव्हा मला काही कळेना.

"समद्यायनं वाजिवल्या," ती म्हणाली. "लेकरानंबी वाजिवल्या."

लेकरू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नुकतीच बसायला आणि टाळ्या वाजवायला शिकलेली. बहीण बाळंतपणात गेली, तेव्हापासून ती मायजवळच असते, शिरड शहापूरपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात. त्या दिवशी अंगणवाडीत बायकांची बैठक होती. लेकरांसाठी खाऊचं पाकीट मिळतं, म्हणून माय तिला कडेवर घेऊन गेली. तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांनी बायकांना सांगितलं की आपल्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत यंदा माता मृत्यू निरंक. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मायच्या मांडीवरच्या लेकरानंही, सगळे वाजवतात म्हणून.

"निरंक म्हंजे काय गं?" मायनं विचारलं.

"म्हणजे काही नाही. एकही बाळंतीण दगावली नाही."

पलीकडं लेकरू पुन्हा टाळ्या वाजवत होतं.

"मंग माझी लेक कोन व्हती?"

मी हिंगोलीत शाळेत गणित शिकवते. मी चिडकी आहे. पोरं माझ्यामागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात खोटं काही नाही. त्या साहेबाला मी फोनवरच चार शिव्या घातल्या. मायला त्यात रस नव्हता. तिला एकच हवं होतं. ती म्हणाली, "तू त्या कम्प्युटरात पाह्य. सरकारात तिचं काई हाय का बघ. घरी तर न्हाईच."

घरी म्हणजे सासरी, सेनगावच्या पलीकडे. दाजींनी सहा महिन्यांच्या आतच दुसरं लग्न केलं. बाईमाणसाशिवाय घर चालत नाही म्हणे. भिंतीवरचा बहिणीचा फोटो नवीन सुनेला बरं वाटेना म्हणून कपाटावर गेला, तोंड भिंतीकडं करून. मायनं तो तसा पाहिला होता. तेव्हापासून कुठंतरी आपल्या लेकीची खूण असावी, हा तिचा ध्यास होता.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकाच्या ओट्यावरच लॅपटॉप मांडला. मला वाटलं, डाळ शिजेपर्यंत काम होईल. जनगणनेचे आकडे निघाले, तर ते जुनेपाने. मग कुटुंबांच्या आरोग्याची ती मोठी पाहणी सापडली, तिच्यात आपल्या जिल्ह्याचं वेगळं पान होतं. त्या पानावर रक्त कमी असलेल्या गरोदर बायका होत्या, लोहाच्या गोळ्या घेतलेल्या होत्या, दवाखान्यात बाळंत झालेल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या. घरोघर जाऊन विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला जिवंत बाईच लागते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढं एका अहवालात माता मृत्यूचा दर मिळाला. राज्याचा. जिल्ह्याचा का नाही, ते बारीक अक्षरात खाली दिलं होतं: एवढ्या थोड्या घटनांवरून जिल्ह्याचा दर काढणं योग्य नाही. गणित म्हणून ते अगदी बरोबर आहे. मी स्वतः नववीच्या पोरांना हेच सांगते. पण त्या सकाळी ते वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. थोड्या म्हणे.

शेवटी दर महिन्याला आरोग्य केंद्रांकडून वर जाणारी आकडेवारी सापडली. वर्ष निवडा, जिल्हा निवडा, तालुका निवडा. मी बहिणीचा महिना उघडला. 'संस्थेत झालेल्या प्रसूती' असा एक रकाना होता. त्या आकड्यात ती होती. खाली 'पुढे संदर्भित केलेल्या माता' होत्या, त्यातही ती होती. त्याच्या बऱ्याच खाली माता मृत्यू. तिथं शून्य.

म्हणजे सरकारच्या हिशेबात माझी बहीण बाळंत झाली, पुढच्या दवाखान्यात पाठवली गेली आणि अजून वाटेतच आहे. मी लॅपटॉप मिटला आणि ओट्यावर डोकं टेकून रडले. डाळ करपली. दिवसभर घरात तो वास होता.

ती वाट कशी होती, ते सांगायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात बहीण मायकडं आली. सकाळी आरोग्य केंद्रात सुखरूप बाळंत झाली. मला शाळेत फोन आला, तिनं स्वतः केला होता. "ताई, पोरगी झाली. नाक तुझ्यावर गेलंय बिचारीचं." मी वर्गाबाहेर उभी राहून हसत होते. तिचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

दुपारनंतर रक्त थांबेना. केंद्रातून सांगितलं, नांदेडला न्या. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. दाजी आणि त्यांचे काका लेकरू बघायला जीप घेऊन आलेले होते, त्याच जीपमध्ये मागं तिला घातलं. मायच्या मांडीवर तिचं डोकं होतं. लेकरू शेजारणीकडं राहिलं. बसमत ओलांडल्यावर काकांनी मागं वाकून तिच्या पायाला हात लावला, तर पाय गार. तिथंच त्यांनी जीप फिरवली. आता नांदेडला नेऊन काय, उगं चिरफाड करतील. सवाष्ण बाई आहे, अंधार पडायच्या आत तिच्या गावी न्यावी. लग्न झालेल्या लेकीची माती सासरी. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जीप पुन्हा सगळा जिल्हा ओलांडून सेनगावच्या पलीकडे गेली.

मी हिंगोलीहून थेट तिथं पोचले. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातभर चुडा, कपाळभर कुंकू. बायका म्हणत होत्या, भाग्याची गं, भरल्या कपाळानं गेली. त्या बायकांना हाताला धरून बाहेर काढावं असं मला वाटत होतं. पंचविशीही न गाठलेल्या पोरीचं कसलं आलंय भाग्य? माय एका कोपऱ्यात बसली होती. रडत नव्हती. पदराचं टोक ओलं होतं, ते ती मुठीत धरून होती. मला वाटलं, तोंड धुतलं असेल.

लॅपटॉपपुढं रडून झाल्यावर मी रजा टाकली आणि तालुक्याच्या ठिकाणी गेले. आकडे भरणारा माणूस भांडायच्या लायकीचा निघाला नाही. मी भांडायचं ठरवूनच गेले होते. त्यानं मला पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाई, नोंद कोनी दिली व्हती का पन?" त्यानं विचारलं. "कागद आल्याबिगर आमी काय लिवावं?"

मी दोन्हीकडं फोन लावले. आमच्या गावातली आशाताई म्हणाली, "ताई, माती सासरी झाली ना. त्यायनं केली असंल नोंद. दिलेल्या लेकीचं आमी कसं पुसावं?" दाजी म्हणाले, "बाळंतपन तुमच्याकडलं, गाडीत बसली तुमच्या गावातून. आमी म्हनलं तुमीच केलं असंल. त्याच्यात मधी बोलनं बरं दिसत न्हाई." दोन्हीकडं मानपान तेवढा नीट सांभाळला गेला होता. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून एका बाईचं मरण कुणी सांगितलंच नव्हतं. मला संताप आला, पण संतापावं तरी कुणावर?

त्या माणसानं समजावून सांगितलं की वर्षाच्या आत आहात, प्रतिज्ञापत्र देऊन उशिरा नोंद होऊ शकते. फक्त जागा पाहिजे. गाडी जिथं थांबली असताना बाई गेली, ती जागा.

"बसमतच्या पुढं म्हनता, त नोंद तिकडं व्हईल," तो म्हणाला. "आमच्या आकड्यात ती धरता येनार न्हाई. नियमच तसा हाय."

"म्हणजे तुमचं निरंक कायम."

त्यानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडं थोडा सरकवला.

संध्याकाळी मी गावी गेले. माय ओसरीवर लेकराला मऊ भात भरवत होती. लेकरू निम्मा खात होतं, निम्मा फुर्र करून उडवत होतं. मी तिला सगळं सांगितलं, नोंद होईल म्हणाले. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती नुसती भात कालवत राहिली.

"तेवढी जागा सांग," मी म्हटलं. "बसमतच्या पुढं नेमकी कुठं फिरवली गाडी?"

"बसमतच्या पुढं न्हाई," माय म्हणाली.

"अगं, काकांनी पाय बघितले ते—"

"पाय मंग बघितले." तिनं लेकराचं तोंड पुसलं. "वढ्यापाशी. आपल्या वढ्यापाशी."

ओढा आमच्या शिवाराच्या टोकाला आहे. घरापासून जीपला तिथं पोचायला वेळच लागत नाही.

"पानी पानी करून राहिली व्हती," माय सांगू लागली. आवाज अगदी नेहमीचा, भाजीचा भाव सांगावा तसा. "म्या गाडी थांबवाय लावली. काका उतरले, बाटली भरून आनली. म्या तोंडाला लावली. पानी आत गेलं न्हाई. गालावरून खाली आलं समदं. म्या पदरानं पुसलं. पुन्यांदा लावली. पुन्यांदा खाली आलं."

मला तो मुठीतला ओला पदर आठवला.

"पुढून जावयानं इचारलं, पाजलं का पानी? म्या म्हनलं, व्हय. प्याली. चला."

मी विचारलं, "काहून माय?"

"सांगितलं असतं त त्यायनं तिथंच गाडी फिरवली असती. मला वाटलं, डाक्टरला काई दिसंल. आपुन अडानी मानसं. आपलंच चुकलं असंल." लेकरानं तिच्या हातातला घास ओढला, तो तिनं नीट करून त्याच्या तोंडात दिला. "शिरड गेलं, बसमत आलं. म्या तिच्याशी बोलत गेले समद्या रस्त्यानं. पुढं ऐकू जावं म्हून."

मी मायच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडले, लहानपणी रडायचे तशी. लेकरू आधी घाबरलं, मग माझे केस ओढायला लागलं. माय माझ्या पाठीवर भाताचा हात न लागू देता मनगटानं थोपटत राहिली. तिच्या मांडीला माझं ओझं होत होतं. मी उठले. नांदेडच्या त्या अर्ध्या रस्त्यात बहिणीचं डोकं त्या मांडीवरून कुणीच उचललं नव्हतं.

ओढ्याची जागा लिहून प्रतिज्ञापत्र केलं; ओढा आमच्याच तालुक्याच्या हद्दीत. माय सही करते, सावकाश, एकेक अक्षर. लिहिणाऱ्यानं मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, जागा बराबर हाय ना? नक्की तिथंच?"

"व्हय," माय म्हणाली. "तिथंच मेली." तो शब्द मी तिच्या तोंडून तोवर कधी ऐकला नव्हता. घरी येताना ती बसमध्ये खिडकीला डोकं लावून बसली आणि ओढा आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

ती नोंद वर जायला, चौकशी व्हायला आणि आकडा बदलायला फार वेळ गेला. मी आठवड्याला एकदा ते पान उघडत असे. हे वेडेपण होतं, मला कळत होतं. घरातले लोक माझ्यापुढं तो विषय काढेनासे झाले. एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, त्या रकान्यातलं शून्य गेलेलं दिसलं. मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. तिचं नाव तिथं नव्हतं, नाव कुठंच नसतं. पण ती वाटेतून बाहेर आली होती. आता ती खरंच मेली होती, आणि मी ते मिळवलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर गावी जाऊन मी मायला फोनवर ते पान दाखवलं. तिनं पदरानं चष्मा पुसला, बोट जवळ नेलं, पण काचेला लावलं नाही. लेकरू आता भिंत धरून चालायला लागलं होतं, ते आमच्या दोघींच्या मध्ये घुसलं.

"किती लिवलं हाय?" तिनं विचारलं.

"एक."

"हे आपल्या गावचं?"

"नाही. सगळ्या तालुक्याचं."

"समद्या तालुक्यात एकच?"

"हो."

तिनं चष्मा काढून ठेवला. लेकराला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवून ती रस्त्याकडं बघत राहिली.

"मंग बाकीच्या मायबाया," ती म्हणाली, "अजून प्याली म्हूनच सांगून राहिल्या असतील."