थांबलेली कणीक

वल्हांडण या आमच्या सणाआधी ज्यू शाळेत मुलांनी स्वतःच्या हातांनी बेखमीर भाकरी करायच्या होत्या. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, विटा पाडायच्या गुलामीतून आमचे पूर्वज इतक्या घाईने निघाले, की कणीक फुगायलाही वेळ नव्हता. म्हणून आजही या भाकरीची कणीक मळली की थांबायचं नाही. लगेच लाटायची, लगेच भाजायची. धडा काय तो एवढाच.

मुलांनी झपाझप मळलं. तेवढ्यात मुख्याध्यापिका ओरडल्या, "थांबा! प्रमुख पाहुणे यायचेत. हात वरच ठेवा, फोटोत पीठ दिसलं पाहिजे."

मुलं हात वर करून उभी. शरण आलेली माणसं अशीच दिसतात. परातीत कणीक सैलावत चालली.

"बाई, ही आता चालणार नाही," माझी मुलगी म्हणाली.

"तू गप्प उभी राहा."

पाहुणे आले. शाल पांघरून घेतली, 'कृतीतून शिक्षण' यावर लांबलचक बोलले, कॅमेऱ्याकडे बघत एकदा लाटणं फिरवलं आणि गेले. टाळ्याही मुलांनीच वाजवल्या, पीठ उडवत.

आमचे पूर्वज प्रमुख पाहुण्यांसाठी थांबले असते, तर आम्ही अजून मिसरातच विटा पाडत बसलो असतो.