तलवाड्याची टीम

तलवाड्याला परत का आलीस असं कुणी विचारलं, की सुकन्या एकच कारण सांगायची : आबांना एकटं कसं ठेवायचं?

तिची आई साखराबाई श्रावणात गेली. सुकन्या एकुलती एक, आणि वडील तात्याबा, म्हणजे तिचे आबा, साठीला टेकलेले. पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, तशी तिनं हडपसरची खोली सोडली आणि दोन बॅगा व ऑफिसची एक खुर्ची टेम्पोत टाकून गाव गाठलं. खुर्ची उतरवताना बघून शेजारच्या छबुबाई म्हणाल्या, "एवढी मोठी खुर्ची? सरपंच झालीस का काय गं?"

दिवाळी सरली आणि तिसऱ्या दिवशी तात्याबा मेंढरं घेऊन निघाले. दरसालच निघायचे. लोकांच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि रान संपलं की पुढचं रान धरायचं. मुलगी नोकरी सांभाळून आपल्यासाठी आली म्हणून ते यंदा थांबतील, असं सुकन्याला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. "संक्रांतीला येतो बाई आठ दिवस, दरसालसारखा," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेली. दारांना कुलपं लागली. सुकन्या, ती खुर्ची, लॅपटॉप आणि भिंतीपलीकडं छबुबाई, एवढंच उरलं.

तिची कंपनी एक टूल बनवायची. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम कुठं रखडतात ते शोधून देणारं. प्रोसेसरच्या आत मोजणीसाठी काही काउंटर बसवलेले असतात. आत अमुक एक गोष्ट घडली, की तिचा काउंटर एकानं पुढं सरकतो. हे टूल ते आकडे वाचायचं आणि सांगायचं, की इथं मेमरीची वाट बघण्यात वेळ जातोय, तिथं प्रोसेसरनं अंदाजानं भलतीच वाट धरून माघारी फिरण्यात. सुकन्याकडं काम होतं ते हे आकडे गोळा करणाऱ्या भागाचं.

पौषात एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. त्यांच्या रिपोर्टात लिहिलं होतं : मेमरीची वाट बघण्यात गेलेला वेळ, एकशे बारा टक्के.

मॅनेजर विजयसिंह स्वभावानं वाईट माणूस नव्हता, घाईत असायचा इतकंच. कॉलवर म्हणाला, "शंभराच्या वर गेलं की शंभर दाखव. दहा मिनिटांचं काम आहे."

"सर, मग नव्याण्णव आलं तर ते खरं असेल का?"

"नव्याण्णवची तक्रार कुणी करत नाही, सुकन्या."

"ते चुकीचं असलं तरी?"

मग त्यानं विचारलं, "किती दिवस पाहिजेत?"

"तीन आठवडे."

"दोन देतो."

दोष कुठं आहे याचा अंदाज तिला होताच. त्या मशीनवर हवं ते मोजायला काउंटर होते चारच, आणि टूल एका दमात तेवीस गोष्टी मागत होतं. मग कालव्याच्या पाण्यासारख्या पाळ्या लागायच्या. चार गोष्टी थोडा वेळ मोजायच्या, त्या थांबवून दुसऱ्या चार, मग तिसऱ्या. तिच्या हिशेबानं अशा सहा पाळ्या. म्हणजे प्रत्येक गोष्ट खरोखर मोजली जायची सहाव्या हिश्शाएवढा वेळ, आणि बाकीचा आकडा गुणाकार करून फुगवलेला. काम संथ आणि एकसारखं चाललं असेल तर हा अंदाज खपून जायचा. पण या गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम सुरुवातीला उसळायचा आणि मग निपचित पडायचा. वाट बघण्याचा वेळ मोजला गेला उसळीत, एकूण वेळ मोजला गेला नंतरच्या शांततेत, आणि दोन वेगळ्या वेळांचे आकडे एकमेकांना भागले गेले. एकशे बारा आले नसते तरच नवल.

तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तेवीस नावं लिहून काढली आणि एकेक बघत गेली. वेगवेगळे रिपोर्ट एकच गोष्ट आपापली स्वतंत्र मागत होते, तशा सात निघाल्या. त्या खोडल्या. तीन गोष्टींसाठी प्रोसेसरमध्ये हक्काचे वेगळे काउंटर होते. एकूण वेळही त्यातच होता. पण कुणीतरी कधीकाळी लिहिलेल्या कोडमुळं त्या उगाच या चारांमध्ये घुसत होत्या. त्या आपल्या जागी बसवल्या, तसा एकूण वेळ अखंड मोजला जाऊ लागला. उरल्या तेरा. त्यातल्या पाच फक्त खोलात शिरणाऱ्यालाच लागायच्या. ज्याला हव्यात त्यानं प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवून मोजाव्यात, असं तिनं ठरवलं. राहिल्या आठ. चार-चारच्या दोन पाळ्या.

पण चालवून बघितलं तर पाळ्या तीन.

तीन दिवस ती तिथंच अडली. सकाळी दहाला रोजचा कॉल व्हायचा. पडद्यावर दहा काळे चौकोन, प्रत्येकात एक नाव, कॅमेरा सगळ्यांचा बंद. आपली वेळ आली की ती म्हणायची, "कालचंच चालू आहे." एकदा हे वाक्य बोलताना तिच्या ध्यानात आलं, की काल याच वेळी हेच वाक्य बोलल्यानंतर आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. त्या दिवसापासून ती भाकरी थापताना मोठ्यानं काहीबाही बोलू लागली. आधी स्वतःशी, मग आईशी. मग तेही बंद केलं, कारण आईशी बोलून झाल्यावर घर आणखी मोठं वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी उलगडा झाला. मशीन मध्येच अडकून तर पडलं नाही ना, यावर पहारा ठेवायला त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं स्वतःच एक काउंटर कायमचा धरून ठेवला होता. म्हणजे हाताशी चार नव्हतेच, तीन होते. पहारा थोडा वेळ उठवला तर चौथा मोकळा होत होता.

"सापडला!" ती एवढ्या जोरात ओरडली, की भिंतीवरून छबुबाईंनी डोकं वर काढलं.

"काय सापडलं गं?"

"चौथा काउंटर, मावशी."

"बरं झालं बाई," छबुबाई म्हणाल्या. "वस्तू घरातच असती. आपल्यालाच दिसत न्हाई."

तिनं टूलला शिकवलं, की असा पहारा दिसला तर आधी माणसाला विचार. आणि प्रत्येक आकड्याशेजारी एक बारीक ओळ घातली : हा आकडा एकूण वेळापैकी किती वेळ खरा मोजलेला आहे. चौदाव्या दिवशी काम पाठवून दिलं.

संक्रांत येऊन गेली होती. तात्याबा आले नव्हते. फोनवर म्हणाले, मांजरसुंब्याला रान चांगलं गावलंय, सोडवत न्हाई.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाचा कॉल झाला. एकशे बाराच्या जागी चौसष्ट आले होते, तीनदा चालवलं तरी तेच. दोष पहिल्या काही सेकंदांत आहे हेही त्यांना कळलं होतं. तिकडच्या बाई खूश होऊन विचारत होत्या, हे कुणी केलं?

"आमच्या तलवाड्याच्या टीमनं," विजयसिंह म्हणाला.

"टीमला आमचे आभार सांगा."

"नक्की," तो म्हणाला, आणि साडेअकराला पडदा मिटला.

सुकन्या खुर्चीत बसून राहिली. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. छबुबाई बाजारला गेल्या होत्या. तिनं घराला कुलूप लावलं, स्कुटी काढली आणि बीडवरून थेट मांजरसुंब्याचा रस्ता धरला.

ढाब्यांच्या मागं, ज्वारी काढलेल्या एका रानात वडिलांचा तळ होता. तिला बघून तात्याबा काठी टेकत लगबगीनं आले. "कावून आलीस? कुणाला काय झालं?"

"काय न्हाई आबा. एक काम झालं, म्हणून आले."

त्यांनी घोंगडं अंथरलं, तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. तिनं सगळं सांगितलं. तेवीस कसे होते, आठ कसे उरले, तीन दिवस कशी अडली. तात्याबांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग विचारलं, "समदं एकटीनं?"

"एकटीनं."

"लई केलंस," ते म्हणाले.

चहा झाला. मेंढरं सावलीला दाटून बसली होती.

"संक्रांतीला येतो म्हणलतात, आबा."

तात्याबा म्हणाले, "निघालतो. फाट्यापोतर आलतो बी. मग माघारी फिरलो." चुलीतला विस्तव विझवत ते पुढं बोलले. "तुझ्या शाळेपायी तुझी आई घरी राह्यली, माझ्यासंगं रानात कधी आलीच न्हाई. म्हणून हितं बरं वाटतंय. हितं ती नसल्याचं कळत न्हाई. घरी गेलं की पाणी मागतो, आन् कुणाला मागितलं तेच ध्यानात येत न्हाई."

"मी तुमच्यासाठी आले ना आबा."

"ठावं हाय. त्याचंच लई वंगाळ वाटतंय. तू माझ्यापायी घर धरून बसलीस, आन् मी घराला भिऊन रानात. जा बाई पुण्याला. चार माणसांत ऱ्हा."

परतताना वारं डोळ्यांत जात होतं. ती दोनदा थांबली.

पुण्याला परत येते, असं सांगायला विजयसिंहला तिनं फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "ये की. पण ऑफिसात आता कुणी फारसं नसतं हं. सगळे घरूनच काम करतात. मंगळवारी येतात चारपाच जण."

तरी ती गेली. घराची चावी छबुबाईंकडं दिली, मोठी खुर्ची त्यांच्याच ओसरीत ठेवली. चैत्रातल्या पहिल्या बुधवारी ती ऑफिसात पोचली, तेव्हा चाळीस टेबलांच्या त्या हॉलमध्ये फक्त पाण्याच्या मशीनची घरघर होती. तिनं खिडकीशेजारचं टेबल पुसून घेतलं आणि काम काढलं.

एक वाजता तात्याबांचा फोन आला.

"जेवलीस का?"

"डबा उघडलाय आबा."

"संगं कोण हाय का?"

सुकन्यानं हॉलभर नजर फिरवली.

"हायत ना," ती म्हणाली. "लई जण हायत."

"मग जेव बाई, जेव," तात्याबा म्हणाले. त्यांच्या आवाजातलं समाधान तिला स्पष्ट ऐकू आलं. फोन ठेवल्यावर तिनं भाकरी मोडली आणि खिडकीकडं तोंड करून सावकाश जेवली.